टीकेनं लेखक घडतो, हे खरं नाही

टीकेनं लेखक घडतो, हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा बोललं जातं की ते तपासून पाहावं असं कुणाला वाटतच नाही. प्रकाशन समारंभात ज्येष्ठ ते ऐकवतात. लेखन कार्यशाळेत ते पहिल्याच तासाला सांगितलं जातं. दिवाळी अंकाकडून साभार परत आलेल्या कथेसोबतच्या चार ओळींतही ते कुठेतरी असतं. पाठोपाठ दुसरा उपदेश येतो : अहंकार सोडा, सगळ्यांचं ऐका, टीका सोसत नसेल तर लिहू नका. नवा लेखक मान डोलावतो, घरी जातो आणि कथेतली जी जागा त्याला स्वतःला सगळ्यात खरी वाटत होती तीच आधी बदलतो.

या उपदेशापायी मराठीत किती लेखन बिघडलं याची मोजदाद करता येणार नाही. बिघडलेलं तेवढं छापून येतं, आधीचं रद्दीत जातं. म्हणूनच त्याचा प्रतिवाद करायला हवा. टीका नको, असं मी म्हणत नाही. लेखक घडतो तो स्वतःच्या पारखीनं. बाहेरची टीका त्या पारखीला मदत करते तेवढ्यापुरती कामाची असते. ती पारखीच्या जागी येऊन बसली की लेखकाचा घात करते.

उपदेश करणाऱ्यांचा पुरावा ठरलेला असतो. मर्ढेकरांवर दुर्बोधतेचा शिक्का बसला, अश्लीलतेचा खटला झाला. मर्ढेकर युगप्रवर्तक ठरले. तेंडुलकरांच्या नाटकांवर मोर्चे आले; तेंडुलकर जगभर पोचले. ढसाळांच्या भाषेला नाकं मुरडली गेली. त्यांच्या 'गोलपिठा' या संग्रहाशिवाय आज मराठी कवितेचा इतिहास लिहिता येत नाही. बघा, टीकेनं ही माणसं कशी तावूनसुलाखून निघाली! या मांडणीत एक मोठी चूक आहे. ही माणसं टीका होऊनही टिकली, एवढंच या उदाहरणांवरून दिसतं. टीकेमुळे ती मोठी झाली, हे त्यांतून निघत नाही. शिवाय जे टिकले त्यांचीच नावं आपल्याला पाठ आहेत. जे टिकले नाहीत त्यांना या हिशेबात कुणी धरतच नाही.

त्यांतलं एक नाव मात्र सुदैवानं आपल्याला ठाऊक आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर आपलं नवजात मूल मारल्याबद्दल खटला चालला आणि तिला फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी करण्यात आली. त्या निमित्तानं वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतिभ्रष्टतेवर जे लिहिलं गेलं, विशेषतः 'पुणे वैभव'मध्ये, ते वाचून ताराबाई पेटून उठल्या. १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' पुण्यात छापून निघालं. बायकांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण उचलायचा आणि तो पुरुषांत आहे की नाही ते दाखवायचं, अशी त्या छोट्या पुस्तकाची सरळ, तडफदार रचना. पुनर्विवाहाची बंदी, बायको मेल्यावर लगेच बोहल्यावर चढणारे नवरे, दारूबाज पुढारी, नाटका-कादंबऱ्यांतल्या खोट्या नायिका. काहीही सुटलेलं नाही. आणि भाषा कशी? अंगणात उभं राहून जाब विचारणाऱ्या बाईची. मराठी गद्यात त्याआधी असा आवाज नव्हता.

त्या पुस्तकावर टीका झाली, टवाळी झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू घेतली, टीकाकारांना सुनावलं. पण ताराबाईंचं छापलेलं दुसरं पुस्तक आपल्याला माहीत नाही. 'स्त्रीपुरुष तुलना' विस्मरणात गेलं ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशित करेपर्यंत. मधली जवळजवळ शंभर वर्षं मराठी बायकांच्या पिढ्यांमागून पिढ्या, असं काही कुणी लिहून ठेवलंय हे माहीत नसताना, तेच प्रश्न नव्यानं विचारत राहिल्या.

टीकेनंच ताराबाई गप्प झाल्या हे सिद्ध करता येत नाही, असं कुणी म्हणेल. मान्य आहे. मग मर्ढेकर टीकेमुळे घडले हे तरी कुणी सिद्ध केलंय? एका बाजूकडून पुरावा मागायचा आणि दुसऱ्या बाजूची नुसती दंतकथा चालवून घ्यायची, हा न्याय होत नाही. शिवाय ज्यांना हा उपदेश सगळ्यात जास्त ऐकावा लागतो ते कोण असतात? पहिलं पुस्तक लिहिणारे, खेड्यातून आलेले, घरात लिहिणारं कुणी नसलेले, आणि बायका. ज्यांच्या पाठीशी ओळखीपाळखी आहेत त्यांना टीका सोसायला कुणी शिकवत नाही. त्यांच्या पुस्तकाची परीक्षणं आधीच ठरलेली असतात.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात सबळ मुद्दा घेतो. लेखक स्वतःच्या पारखीवर विसंबून राहिला तर तो आपल्या चुका कधीच पाहणार नाही, स्वतःच्या प्रेमात पडेल, असं म्हणतात. या भीतीमागे एक गैरसमज आहे. स्वतःच्या पारखीवर विश्वास ठेवणं म्हणजे स्वतःच्या प्रत्येक ओळीवर विश्वास ठेवणं, असं ही मंडळी धरून चालतात. लिहिणाऱ्याला विचारा. आतला आवाज दहापैकी नऊ वेळा 'नाही'च म्हणतो. हे वाक्य उसनं आहे, हा प्रसंग तू पाहिलेला नाहीस, इथे तू वाचकाला खूश करतोयस. बाहेरच्या कोणत्याही परीक्षकापेक्षा हा परीक्षक निर्दय असतो, कारण तुम्ही कुठे चोरी केली ते त्याला ठाऊक असतं.

मर्ढेकरांचंच पाहा. १९३९ साली त्यांचा 'शिशिरागम' आला. प्रचलित काव्यरुचीला सहज पचेल असा, नादमधुर, हळवा संग्रह. त्याच वाटेनं पुढे जाणं सोपं होतं. तशा कवितेला वाचक होता, मासिकं होती. पण १९४७च्या 'काही कविता'मध्ये तो हळवा कवी पार बाजूला पडला होता. यंत्रयुग, महायुद्ध, मुंबईतली गर्दी, विटलेला देह, आणि या सगळ्यासाठी ओवी-अभंगाचे छंद. हा बदल कुणी सुचवला होता? असा बदल सुचवणारा टीकाकार त्या वेळी मराठीत नव्हता, कारण अशी कविताच मराठीत नव्हती. 'शिशिरागम'वरची सगळ्यात कठोर टीका मर्ढेकरांनी स्वतः केली. ती लेख लिहून केली नाही, 'काही कविता' लिहून केली. मग बाहेरची टीका सुरू झाली. दुर्बोध, विक्षिप्त, ओंगळ. पाठोपाठ खटला. माणूस रेडिओत सरकारी नोकरीला, आणि डोक्यावर अश्लीलतेचा आरोप. ते निर्दोष सुटले. आणि त्यांचा पुढचा संग्रह, १९५१चा, पाहा. त्याचं नाव 'आणखी काही कविता'.

ज्या पारखीनं 'शिशिरागम' मागे टाकायला लावला, तिनंच 'काही कविता'वर ठाम राहायला लावलं. दोन्हीकडे एकच ताकद काम करते आहे. उपदेशक पहिल्या कृतीला नम्रता म्हणतील आणि दुसरीला अहंकार. मला तो भेदच मान्य नाही.

तेंडुलकरांच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट दिसतं. त्यांचं 'गृहस्थ' हे सुरुवातीचं नाटक पडलं. त्या अपयशाकडे त्यांनी पाठ फिरवली नाही. काही वर्षांनी तेच नाटक त्यांनी पुन्हा लिहायला घेतलं आणि ते 'कावळ्यांची शाळा' म्हणून आलं. म्हणजे हा माणूस आपलं लेखन बदलायला तयार होता, मुळापासून बदलायला तयार होता. पुढे 'गिधाडे' आलं. साडीवरचा रक्ताचा लाल डाग परिनिरीक्षण मंडळाला खटकला, तेव्हा नाटक करणाऱ्यांनी डाग निळा केला आणि तो लाल समजावा असं प्रेक्षकांना आधीच सांगून टाकलं. १९७२ साली 'सखाराम बाइंडर'वर गदा आली. दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात गेले, लढले, जिंकले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात 'घाशीराम कोतवाल' उभं राहिलं, आणि नाना फडणवीसांची बदनामी केल्याचा गदारोळ उठला. हे ऐतिहासिक नाटक नाही, हे तेंडुलकरांनी सांगितलेलंच होतं. नाटक उभं करणाऱ्या संस्थेनं प्रयोग थांबवले. नाटक करणारी मुलं बाहेर पडली, त्यांनी थिएटर अकॅडमी काढली आणि नाटक पुन्हा रंगमंचावर आणलं. या तिन्ही नाटकांचा आशय तेंडुलकरांनी कुणाच्या सांगण्यावरून मवाळ केला नाही.

एकच लेखक एका ठिकाणी वाकला आणि दुसऱ्या ठिकाणी वाकला नाही. वयानं हट्टी झाला म्हणून? मला तसं वाटत नाही. 'गृहस्थ' पडलं तेव्हा प्रश्न नाटकाच्या बांधणीचा होता : जे दाखवायचं होतं ते दिसत नव्हतं. 'सखाराम'वर जो हल्ला झाला तो, जे दाखवायचं होतं ते फार स्पष्ट दिसलं म्हणून झाला. पहिल्या आक्षेपात लेखकाचं उद्दिष्ट आणि टीकाकाराचं उद्दिष्ट एकच आहे. दोघांनाही ते नाटक चांगलं व्हायला हवंय. दुसऱ्या आक्षेपाला ते नाटकच नकोय. दोन्हींना 'टीका' हे एकच नाव देऊन दोन्हींपुढे सारखंच नम्र व्हा असं सांगणं म्हणजे वैद्याला आणि चोराला घरात एकाच दारानं घेणं.

हे दोन प्रकार नेहमीच इतके वेगळे ओळखू येत नाहीत, हे खरं. सगळ्यात अवघड टीका आपल्या माणसांकडून येते. दया पवारांचं 'बलुतं' हे आत्मकथन १९७८ साली आलं, तेव्हा त्यांना बोलणाऱ्यांत दलित वाचकही होते. शिकूनसवरून नुकत्याच वर आलेल्या लोकांना वाटलं, की वस्तीतली लाजिरवाणी उणीदुणी यानं जगापुढे का मांडावीत? आधीच जग आपल्याला नावं ठेवायला टपलेलं आहे. हा आक्षेप सेन्सॉरच्या आक्षेपासारखा झटकून टाकता येत नाही. त्यामागे दुखावलेपण आहे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या अपमानाची भीती आहे. अशा वेळी लेखकानं काय करावं? ऐकावं, मनापासून ऐकावं, त्या दुःखाचा मान राखावा, आणि तरीही जे लिहिलंय ते खरं असेल तर तसंच ठेवावं. 'बलुतं'ची रचना आठवा. लेखकातलाच दगडू पवार दया पवारला आपली कहाणी सांगतो. मागे राहिलेला माणूस आणि शिकून पुढे गेलेला माणूस यांच्यातला तणाव पुस्तकात आधीच होता. वाचक ज्यावर रागावले ते लेखकानं स्वतःशी भांडून झालेलं होतं. पारख म्हणतात ती हीच : बाहेरचा आक्षेप येण्याआधी तो आपल्या मनात येऊन गेलेला असणं.

आणि तो येऊन गेलेला नसेल तर? तर तो आक्षेप घ्यावा. माझ्या मते याहून चांगली कसोटी नाही. टीका वाचून 'हे मला माहीत होतं, आणि तरीही मी असंच ठरवलं' असं वाटलं तर आपला निर्णय राखावा. 'हे मला माहीत होतं, पण मी कंटाळा केला' असं वाटलं तर त्याच रात्री दुरुस्तीला बसावं. 'हे मला सुचलंच नव्हतं' असं वाटलं तर काही दिवस तो आक्षेप मनात वागवावा. यातलं काय खरं आहे ते लेखकाशिवाय कुणालाही ठरवता येणार नाही, आणि ते ठरवताना स्वतःशी खोटं बोलायचं नाही, एवढंच त्याच्याकडून मागता येईल.

सगळ्यांचं ऐकलं की काय होतं ते मी हस्तलिखितांत पाहिलंय. मराठवाड्यातल्या एका तरुण लेखिकेची कथा होती. आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर गेलेत, मागे आजी आणि नऊ-दहा वर्षांची नात. कथेत फारसं घडत नाही. आजी भाकरी थापते, नात उचलीचे पैसे किती, मुकादमानं किती कापले, हे आजीला विचारत राहते आणि आजी उत्तर न देता पिठाचा डबा हलवून पाहते. पहिला खर्डा ओबडधोबड होता, पण त्यातलं घर मला विसरता आलं नाही. मग तिनं तो तीन जाणकारांना दाखवला. एकानं सांगितलं, बोली जड जाते, संवाद प्रमाण भाषेत घे. दुसऱ्यानं सांगितलं, भाकरीचं वर्णन लांबलंय. तिसऱ्याला शेवट निराश वाटला. तिसऱ्या खर्ड्यात आजी शुद्ध बोलत होती, भाकऱ्या एका वाक्यात थापून झाल्या होत्या आणि शेवटी आईचा फोन येत होता. प्रत्येक आक्षेपाला उत्तर मिळालं होतं. कथेत चूक म्हणावी असं काही उरलं नव्हतं, आणि माणूस म्हणावा असंही कुणी उरलं नव्हतं. सल्ला देणारे तिघंही सज्जन होते, तिच्या भल्यासाठीच बोलले होते. मला याचाच जास्त राग आहे. दुष्ट टीकाकारापासून लेखक स्वतःला वाचवू शकतो. सज्जनांपुढे तो हात टेकतो.

आणखी एक हट्ट या उपदेशात असतो : टीकेला उघडपणे सामोरं जा, पळ काढू नका. का म्हणून? १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावानं 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं असं छापून आल्यानं मोठं वादळ उठलं. सभा झाल्या, निषेध झाले, आणि ही विभावरी शिरूरकर कोण याचे तर्क गावभर चालले. त्या नावामागे बाळूताई खरे नावाच्या शिक्षिका होत्या, पुढच्या मालतीबाई बेडेकर. त्या समोर आल्या नाहीत. प्रकाशक ह. वि. मोटे यांनी गुपित राखलं. मालतीबाईंनी प्रत्येक आक्षेपाला उत्तर दिलं असतं तर कदाचित त्यांची नोकरी गेली असती आणि लिहायची उमेद तर नक्कीच गेली असती. त्याऐवजी त्यांनी 'हिंदोळ्यावर' लिहिलं, आणि पुढे सोलापूरच्या सेटलमेंटमधल्या, कायद्यानं गुन्हेगार ठरवलेल्या जमातींवर 'बळी' लिहिलं. दार लावून घेऊन लिहीत बसणं, हेही टीकेला दिलेलं सन्माननीय उत्तर आहे.

मग टीकाकारांचं काही कर्तव्य आहे की नाही? लेखकानं कसं वागावं यावर व्याख्यानं होतात. टीका करणाऱ्यानं कसं वागावं यावर कुणी बोलत नाही. मराठीत त्याचेही नमुने आहेत. 'गोलपिठा'ला प्रस्तावना लिहिताना तेंडुलकरांपुढे शब्दांची अशी एक दुनिया आली जी त्यांना परकी होती. त्यांनी ती कवितेची उणीव मानली नाही. न कळलेल्या शब्दांची यादी केली, ढसाळांना अर्थ विचारले, त्यांच्याबरोबर कवितेतल्या वस्तीत हिंडून आले, आणि मग लिहिलं. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहून कथा कुठे सैल पडते, कोणतं पात्र अर्धवट राहिलंय ते कळवत. त्यातून कितीतरी कथा सुधारल्या, हे त्या लेखकांनीच सांगितलंय. अशी टीका पारखीला धार लावते, कारण ती पानावर बोट ठेवते. पण हीच 'सत्यकथा' साठच्या दशकाच्या अखेरीस तरुण लेखकांनी जाहीरपणे जाळली, हेही विसरू नये. मराठीतला सगळ्यात साक्षेपी संपादकही एका नव्या आवाजाच्या पिढीला आपला वाटला नाही. त्या पिढीनं 'सगळ्यांचं ऐका' हा उपदेश मानला असता, तर अनियतकालिकं निघाली नसती आणि आज ज्याला आपण साठोत्तरी साहित्य म्हणतो त्याचा मोठा भाग लिहिलाच गेला नसता.

नव्या लेखकांना माझं सांगणं एवढंच आहे, की पहिला खर्डा फाडू नका. शंभर सूचनांनंतर जे उरेल ते त्याच्याशेजारी ठेवून एकदा मोठ्यानं वाचा, आणि कुठल्या खर्ड्यात तुम्ही आहात ते स्वतः ठरवा. आणि कार्यशाळा घेणाऱ्यांना, संपादकांना, परीक्षण लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. मत देण्याआधी लिखाण दोनदा वाचा. बोलाल ते पानावर बोट ठेवून बोला. लेखकाच्या मते त्याची कथा कुठे कमी पडते ते आधी त्यालाच विचारा आणि त्याचं उत्तर पुरतं ऐकून घ्या. एवढं करून तुमचं म्हणणं त्याला पटलं नाही, तर कृपा करून त्याच्या अहंकाराबद्दल बोलू नका.